शिंदीचं बन आणि कोबीचा गड्डा

शिंदी कुणी लावत नाही आणि कोबी आपोआप उगवत नाही. जालना जिल्ह्यात या दोघांची गाठ पडते ती ओढ्याच्या काठावर. अलीकडे दहा-वीस शिंद्यांचं बन, खाली गुडघाभर गवत, शेंड्यांना लोंबणारे सुगरणीचे खोपे. पलीकडे ठिबकच्या नळ्या अंथरलेलं रान आणि त्यात ओळीने बसलेले निळसर हिरवे गड्डे. बनाला कुणी पाणी देत नाही, खत घालत नाही, औषध फवारत नाही. कोबीला हे सगळं लागतं, तेही वेळच्या वेळी, नाहीतर दोन-अडीच महिन्यांची मेहनत मातीत जाते. असं असूनही सरकारी दप्तरातले कागद अनेक वर्षं जास्त खाल्ले ते शिंदीने. फुकटात उगवणाऱ्या झाडावर पहारा बसला, त्याचे आकडे पडले, त्याचा हर्रास झाला, आणि एका वर्षी तर ते झाड तोडणं हाच राजद्रोह ठरला.

दिसायला एक ताडाच्या जातीतलं उंच झाड आणि दुसरी वीतभर उंचीची भाजी. तरी दोघांची घडण एका ठिकाणी जुळते. कोबीचा गड्डा म्हणजे एक भला मोठा कोंब: खोड आखडलेलं, पानं उलगडण्याऐवजी एकमेकांवर गुंडाळत गेलेली. गड्डा उभा चिरला की मधोमध पांढरा दांडा दिसतो आणि त्याच्या टोकाला नखाएवढी, अजून जन्मू घातलेली पानं. शिंदीच्या शेंड्यातही, काटेरी पात्यांच्या आत, असाच पांढरा, कुरकुरीत, गोडसर गाभा असतो. ताडाच्या जातीतल्या अनेक झाडांचा हा गाभा जगभर भाजीसारखा खातात. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलेल्या कॅप्टन कुकच्या खलाशांनी तो खाल्ला होता, आणि त्याच जहाजावर आंबवलेल्या कोबीची पिंपंही होती.

फरक पुढे सुरू होतो. शिंदीला आयुष्यभर तो एकच डोळा. तिच्या बुंध्याला बगलेतून फुटवा येत नाही. शेंडा गेला की झाड उभ्याउभ्या वाळतं. कोबीचा गड्डा विळ्याने कापून नेला तरी बुडखा जिवंत राहतो आणि त्याला चार-पाच लहान गड्डे फुटतात, जे बहुधा शेळ्यांच्या वाट्याला येतात. गाभ्यासाठी शिंदी मारणं म्हणजे पन्नास वर्षांचं झाड एका जेवणाला उडवणं, म्हणून मराठवाड्यात तो उद्योग कुणी फारसा केला नाही. शिंदीपासून लोकांनी जे घेतलं ते तिला जिवंत ठेवून.

पानांचंच पाहावं. केरसुणी करायची तर पिवळी पडलेली पानं चालत नाहीत आणि फार कोवळीही चालत नाहीत. मधल्या वयाची पानं कोयत्याने तोडायची, देठाजवळचे सुईसारखे काटे साळून टाकायचे, पाती उन्हात पसरून ठेवायची. वाळली की टोकदार खिळ्याने एकेक पातं उभं चिरत न्यायचं, जोवर त्याचे दोऱ्याएवढे तंतू होत नाहीत. मग मूठ जमवून, बुडाशी दोरी करकचून आवळून, पायाच्या अंगठ्यात धरून गाठ मारायची. बोटांना चिरा पडल्याशिवाय हे काम होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते मातंग समाजातल्या घरांकडे राहिलं. वर्षभर केरसुण्या आणि दोरखंड पुरवायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं, असा तो बलुत्याचा व्यवहार होता. याच केरसुणीला दिवाळीत ‘लक्ष्मी’ म्हणतात, अमावस्येला हळद-कुंकू वाहून पुजतात, तिला पाय लागू देत नाहीत. करणाऱ्या माणसाला मात्र गावाच्या कडेलाच घर, हे सांगितल्याशिवाय त्या पूजेचं वर्णन पुरं होत नाही.

चटया, टोपल्या, खळ्यावर लागणारे फडे ही पानांचीच कामं. खोड पोखरून पाण्याची पन्हळ करायची, किंवा उभं चिरून गोठ्याच्या छपराला घालायचं. उन्हाळ्याच्या अखेरीस नारिंगी शिंदोळ्यांचे घड पिकतात. बी मोठी, गर नावापुरता, चव गोड आणि किंचित तुरट. त्या पोरं खातात, कोल्हे खातात, पाखरं खातात, आणि पुढचं बन कुठे उगवायचं ते तेच ठरवतात. नर आणि मादी झाड वेगळं असतं, त्यामुळे बनातल्या निम्म्या झाडांना फळ येतच नाही.

पण शिंदीचं खरं मोल तिच्या रसात होतं, आणि सगळा इतिहास तिथेच साचलेला आहे.

ताडाचा रस काढतात तो फुलोऱ्याचा दांडा कापून. शिंदीचं तंत्र निराळं. हिवाळा लागला की झाडावर चढणारा माणूस शेंड्याखालची एका अंगाची पानं काढून टाकतो आणि आतला मऊ भाग उघडा करतो. काही दिवस जखम सुकू द्यायची. मग धारदार कोयत्याने पातळ पापुद्रा ताशायचा, खाली रस वाहून यावा म्हणून खाच पाडायची, तिला बांबूची चोच ठोकायची आणि तोंडाशी मडकं अडकवायचं. रात्रभर थेंब थेंब गळतं. पहाटे उतरवलेला रस गोड, ती नीरा. उन्हं चढली की तोच रस फेसाळतो आणि दुपारपर्यंत त्याची आंबट, चढणारी शिंदी होते. पुढच्या वर्षी ताशायचं ते विरुद्ध अंगाला. ताडाच्या कुळातल्या झाडांना वडा-पिंपळासारखी जखम भरून काढणारी साल नसते, म्हणून प्रत्येक हंगामाची खाच बुंध्यावर कायमची राहते आणि खोड नागमोडी दिसायला लागतं. जुन्या बनात खाचा मोजल्या तर त्या झाडाने किती हंगाम माणसांची तहान भागवली ते आजही कळतं.

बंगालमध्ये याच झाडाच्या रसाचा हिवाळ्यात गूळ होतो आणि तिकडच्या मिठाईला त्याच्यावाचून चालत नाही. मराठवाड्यात गूळ उसाचा. शिंदीचा रस प्यायचा, आणि तो विकायचा हक्क सरकारचा.

निजामाच्या काळात जालना हैदराबाद राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. हैदराबाद राज्याच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक होतं आबकारी, आणि तिच्यात शिंदी-ताडीचा वाटा भक्कम होता. १३१६ फसली, म्हणजे इंग्रजी १९०६-०७ च्या सुमाराचा आबकारी कायदा ही व्यवस्था पक्की बांधतो. झाड कुणाच्या का रानात असेना, परवान्याशिवाय त्याला कोयता लावायचा नाही. शेतमालकाला झाडामागे ठरावीक रक्कम मिळे, तिला ‘हक्के मालिकाना’ म्हणत. गावोगावच्या शिंदीखान्यांचा हर्रास होई, गुत्ता घेणारा गुत्तेदार सरकारात रक्कम भरे आणि ती पिणाऱ्यांकडून वसूल करी. मराठवाड्यात आजही रस्त्याच्या, इमारतीच्या कंत्राटदाराला लोक गुत्तेदार म्हणतात.

यात पिणाऱ्याचं काय होई ते सांगायला कुणा समाजसुधारकाची गरज नव्हती. दिवसभराची मजुरी संध्याकाळी शिंदीखान्यात जाई आणि घरी चूल थंड राही. शिंदी भुकेवर थोडा आधार देते, उन्हात राबणाऱ्याला गोड रस हवासा वाटतो, हेही खरं. पण सरकारचा फायदा गोड रसात नव्हता, आंबलेल्यात होता. महात्मा गांधींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीत गजानन नाईक यांनी नीरेचा गूळ करण्याचा प्रसार आयुष्यभर केला. ताडाचं झाड दारूसाठी बदनाम होतं, त्याला साखरेचं झाड म्हणून उभं करायचा तो प्रयत्न होता. पहाटेचा रस ताबडतोब कढईत चढवला तरच गूळ होतो. तास-दोन तासांचा उशीर झाला की रस हातचा जातो. ज्या राज्याला तो उशीरच हवा असे, तिथे ही गोष्ट रुजणं अवघड होतं.

राज्याचा पैसा शिंदीत होता, म्हणून १९४७ साली घाव तिथेच बसला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात विलीन व्हा, ही मागणी घेऊन आंदोलन पुकारलं. १५ ऑगस्टला, भारत स्वतंत्र झाला त्याच दिवशी, स्वामीजींना अटक झाली. तिरंगा लावणं, जंगल सत्याग्रह, साऱ्याला आणि लेव्हीला नकार, सरहद्दीवरचे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके उद्‌ध्वस्त करणं, या कार्यक्रमात शिंदीची झाडं तोडणंही होतं. विचार साधा होता. निजामाच्या तिजोरीकडे जाणाऱ्या वाटांपैकी एक वाट ओढ्याकाठी, उघड्यावर उभी होती. कुऱ्हाड घेऊन गेलेली पोरं रात्रीत बन आडवं करत. झाडाची घडण ठाऊक असणाऱ्याला एवढेही श्रम करायची गरज नव्हती. शेंड्यातल्या कोंबात चार घाव घातले तरी झाड पुन्हा मडकं भरणार नव्हतं.

मराठवाडाभर आणि तेलंगणात त्या वर्षी किती झाडं पडली असतील त्याची कल्पनाच करावी. झाडाचा दोष काहीच नव्हता. चटई-केरसुणीवर जगणाऱ्या घरांनाही त्या कुऱ्हाडीची झळ बसलीच असणार, पण स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी सांगताना त्या घरांकडे सहसा कुणी वळत नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत जालना भारतीय फौजांच्या ताब्यात आलं आणि १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, तेव्हा तो दारूबंदीचा कायदा असलेल्या राज्यात आला. निजामाला जो रस विकायचा होता, तो नव्या सरकारला बंद करायचा होता. दोन्ही वेळा झाडाला हात लावायला कागद लागलाच. आजही महाराष्ट्रात नीरा काढायला दारूबंदी कायद्याखालचा परवाना घ्यावा लागतो.

कोबीची जालन्यातली गोष्ट दुसऱ्या टोकाने सुरू होते, छावणीच्या टोकाने.

२३ सप्टेंबर १८०३ ला केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या माळावर आसईची लढाई झाली. इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला तो हाच प्रदेश, आज जालना जिल्ह्यात मोडणारा. त्याच महिन्याच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता. पुढे १८२७ च्या सुमाराला इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी वसली आणि १९०३ पर्यंत टिकली. गोऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर कोबी, फुलकोबी, सलगम, नवलकोल हवं असे. दख्खनच्या छावण्यांभोवती माळ्यांनी हे ‘विलायती भाजीपाल्याचं’ काम उचललं. कोबीची मूळ भूमी युरोपचा थंड, खारा समुद्रकिनारा. पोर्तुगिजांबरोबर आणि त्यांच्यामागून आलेल्या इतर युरोपीयांबरोबर ती हिंदुस्थानात उतरली आणि छावण्यांच्या वाटेने आत सरकली.

जालन्यात बागा नवीन नव्हत्या. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात जमशेदखानाने बांधलेला मोती तलाव आणि त्यातून शहरात आणलेलं पाणी यांच्या जोरावर शहराभोवती फळबागा होत्या आणि इथली फळं मुंबई-हैदराबादपर्यंत जात. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण काही सोन्याच्या खाणीवरून पडलेली नाही; कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवरचा व्यापार आणि ही बागायत तिच्यामागे आहे. १९०० च्या सुमारास मनमाडहून आलेली रेल्वे जालन्याला पोचली, तेव्हा नाशवंत मालालाही बाजार लाभला.

अडचण बियाण्याची होती. शिंदीची बी कोल्हा टाकतो, कोबीची बी जहाजाने येत असे. हिवाळ्याच्या तोंडाला युरोपातून बंद डब्यांतून बियाणं उतरायचं. मुंबई-पुण्याकडे पेस्तनजी पोचा यांच्यासारखे बियाण्याचे व्यापारी १८८४ पासून ते विकत. पुण्याच्या गणेशखिंड बागेचे वूड्रो साहेब हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहीत आणि कोणत्या महिन्यात काय पेरावं ते सांगत. प्रवासात दमट हवा लागली की बी उगवायची नाही, आणि माळ्याचा अख्खा हंगाम जायचा.

दुसऱ्या महायुद्धात तर ही वाटच बंद पडली. युरोपातून बियाणं येईना, आणि फौजेला भाजी तर हवी. तेव्हा क्वेट्ट्यात, काश्मिरात अशा थंड ठिकाणी कोबीवर्गीय भाज्यांचं बियाणं पिकवायला सुरुवात झाली. फाळणीत क्वेट्टा गेलं. मग बियास नदीच्या काठचं, कुलू खोऱ्यातलं कटराईन हे गाव पुढे आलं. १९४९ मध्ये सुरू झालेलं तिथलं केंद्र पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे गेलं. कोबीचा ‘गोल्डन एकर’ हा लवकर येणारा, लहान, टणक गड्ड्याचा वाण भारतभर ज्यांनी नेला, त्यांत कटराईनचा वाटा मोठा.

कोबीला कुलूचीच गरज का पडावी? तिचा नैसर्गिक क्रम दोन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी गड्डा, दुसऱ्या वर्षी फूल आणि बी. मधे थंडी हवी, चार ते दहा अंशांच्या आसपासची, तीही एक-दोन रात्री नाही तर सहा-आठ आठवडे. जालन्याच्या डिसेंबरात पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो, कधी त्याहून खाली जातो, पण दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस. कोबी अशा हिवाळ्याला हिवाळा मानत नाही. तिला इथे गड्डा धरवतो, फूल येत नाही. कटराईनला मात्र बर्फाच्या दिवसांत झाडं रानात उभी असतात. वसंत लागला की गड्ड्याच्या डोक्यावर फुलीसारखा काप देतात, नाहीतर आतला दांडा त्या घट्ट पानांतच गुदमरतो. कापातून दांडा वर येतो, कंबरेच्या वर वाढतो आणि मोहरीसारख्या पिवळ्या फुलांनी भरून जातो. जालन्याच्या कोबी लावणाऱ्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी कोबीचं फूल कधी पाहिलेलं नसतं.

गंमत अशी, की हेच जालना देशाच्या बियाणे उद्योगाचं माहेर मानलं जातं.

बद्रीनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे. विद्यार्थी असताना स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले आणि तुरुंगात गेले. ज्या चळवळीने शिंदीची बनं पाडली, तिच्याच मुशीतून आलेला हा माणूस पुढे आयुष्यभर बियाणं वाढवत राहिला. १९५९-६० च्या दिल्लीतल्या जागतिक कृषी प्रदर्शनातून त्यांनी ‘पुसा सावनी’ भेंडीचं बियाणं मिळवलं आणि ते जालन्यात वाढवलं. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला हा वाण दाद देत नव्हता, म्हणून शेतकरी त्याला पैसे मोजायला तयार होते. १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, उभी राहिली. संकरित ज्वारी, बाजरी, मग कापूस असा तिचा पसारा वाढला. १९९८ चं वर्ल्ड फूड प्राइझ बारवाले यांना मिळालं. त्यांच्यामागे जालन्यात आणखी बियाणे कंपन्या आल्या. त्यांतली बेजो शीतल ही डच भागीदारीतली. ‘बेजो’ हे नाव नेदरलँडमधल्या त्या घराण्यांचं, ज्यांचा हातखंडाच कोबी-गाजराच्या बियाण्यात आहे. समुद्रसपाटीच्या खालची जमीन आणि दख्खनचा काळा माळ यांची भेट कोबीमुळे घडावी, हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर ओढूनताणून आणलंय असं वाटलं असतं.

संकरित बियाणं करण्याच्या दोन तऱ्हा जालन्याच्या परिसरातून समजतात. भेंडी, टोमॅटो, मिरची यांचं काम हाताचं. देऊळगाव राजा, जाफराबाद या पट्ट्यात शेडनेटमध्ये बाया संध्याकाळी उमलू घातलेल्या कळीतले पुंकेसर चिमटीने काढून टाकतात, कळी झाकतात, दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या नराचा पराग तिच्यावर लावतात आणि खूण म्हणून रंगीत दोरा बांधतात. दिवसाला शेकडो फुलं, मान खाली घालून. या बोटांशिवाय ‘बियाण्यांची राजधानी’ चार दिवसही चालणार नाही. कोबीला मात्र बोटं लागत नाहीत. कोबीचं झाड बहुधा स्वतःचा पराग स्वीकारत नाही. दोन निवडक वाण शेजारी लावले की एकाचा पराग दुसऱ्याला पोचवायचं काम मधमाश्या करतात. या स्वभावाचा उपयोग करून १९५० च्या सुमाराला जपानमध्ये पहिला संकरित कोबी बाजारात आला. पुढे असे वाण भारतात आले, इथल्या कंपन्यांनीही केले. महिकोचा ‘श्री गणेश गोल’ भाजीच्या शेतकऱ्यांत चांगलाच पसरला. १९८८ च्या बियाणे धोरणाने परदेशी भाजी-बियाण्याला दार आणखी उघडलं.

पाकिटावर पत्ता जालन्याचा, आणि बी पिकलेली थंड डोंगरांत किंवा परदेशात. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे दाणे असतात, म्हणून दहा ग्रॅमचं पाकीट हातात हलकं लागतं. शेतकरी ते ट्रेमध्ये कोकोपीट भरून टाकतो किंवा सरळ रोपवाटिकेतून रोपं आणतो. चार-पाच आठवड्यांचं रोप रानात जातं, एकरी पंधरा ते वीस हजार. इथून पुढे कोबीच्या मागण्या सुरू होतात. तिची मुळं वरवरची, म्हणून पाणी थोडं थोडं पण सतत. खंड पडून एकदम भरपूर दिलं की तयार गड्डा तडकतो. तिला किंचित आम्लाकडे झुकणारी माती आवडते आणि जालन्याची काळी जमीन उलट बाजूची, त्यामुळे बोरॉनसारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं कमी पडतात आणि गड्ड्याचा दांडा आतून पोकळ होतो. चौकोनी ठिपक्यांचा पतंग पानांची चाळण करतो. त्याला भुलवायला काही जण कडेने मोहरीच्या ओळी लावतात. दमट हवेत घाण्या रोग पानांच्या कडेने आत शिरतो. या साऱ्यातून निभावलं की प्रश्न बाजाराचा.

तिथे कोबीचं काही खरं नाही. चढा भाव पाहून चार गावांनी एकदम लावली की पोत्याचं भाडंही सुटत नाही. मग उभ्या गड्ड्यांवर रोटाव्हेटर फिरतो किंवा रान मेंढ्यांना मोकळं होतं. शिंदीच्या बनाला असा तोटा कधी झाला नाही, कारण त्यात कुणी काही घातलेलंच नसतं.

जालन्यात सरासरी पाऊस सहाशे ते साडेसातशे मिलिमीटरांच्या घरात, तोही चार महिन्यांत, आणि कधी तेवढाही नाही. १९७२ चा दुष्काळ म्हातारी माणसं अजून सांगतात. २०१२-१३ मध्ये जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी त्या मुळासकट उपटून टाकल्या. ओढ्याकाठच्या शिंद्या त्या उन्हाळ्यातही हिरव्या होत्या. खोलवरचा ओलावा शोधणारी मुळं, जाड कातडीची अरुंद पाती, खारवट आणि पाणथळ जमीनही चालवून घेण्याची सवय. या झाडाचं सगळं शरीरच मराठवाड्याच्या हवेवर बेतलेलं आहे. कोबीसाठी हीच हवा माणसाला बदलून द्यावी लागते. तिला हिवाळा निवडून द्यायचा, शेततळं खोदायचं, ठिबक टाकायचं. १९९६ नंतरच्या इंडो-जर्मन पाणलोट कामातून कडवंची गावाने पावसाचं पाणी अडवलं आणि द्राक्षं पिकवून दाखवली. त्याच वाटेने भाजीपालाही जिल्ह्यात पसरला.

आज ताटात कोण आहे, हे विचारायलाच नको. चण्याची डाळ घालून कोबी, डब्यातली कोबी, लग्नाच्या पंगतीत मटारबरोबरची कोबी, आणि संध्याकाळी शहरातल्या प्रत्येक चौकात गाड्यावर तळला जाणारा, लालभडक, कोबीचा मंचुरियन. युरोपच्या किनाऱ्यावरची भाजी, चिनी म्हणून, मराठवाड्यात, सोयाबीनच्या तेलात. शिंदोळ्या मात्र बाजारात क्वचितच येतात. केरसुणीची जागा ईशान्येकडून येणाऱ्या फुलझाडूने आणि प्लॅस्टिकने घेतली. दिवाळीच्या आठवड्यात तेवढ्या शिंदीच्या केरसुण्या पुन्हा दिसतात, त्याही अनेकदा हातभर लांबीच्या, फक्त पूजेपुरत्या. ओढे सरळ करताना, रस्ते रुंद करताना बनं जातात, आणि कुणाच्या सातबाऱ्यावर त्यांची नोंद नसल्याने भरपाईचा प्रश्नही उभा राहत नाही.

मालकीचा हिशेब मात्र बदललेला आहे. निजामाच्या काळात शिंदीला पाणी लागत नसे, परवाना लागे. कोबी लावायला परवाना लागत नाही, पाकीट लागतं, आणि ते दर हंगामाला नवं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखून ठेवण्याचा, पेरण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. ज्वारी-हरभऱ्याला तो हक्क खरोखर वापरता येतो. कोबीच्या बाबतीत जालन्याच्या शेतकऱ्याकडे राखून ठेवायला काही उरतच नाही, कारण त्याच्या रानात ती फुलापर्यंत पोचत नाही; आणि एखादीला थंडीच्या लाटेत चुकून दांडा आलाच, तर संकरित झाडाच्या बियांतून पुढच्या वर्षी एकसारखे गड्डे मिळत नाहीत. कुलूकडचं बियाणं जून-जुलैत काढतात. पितृपक्षाच्या सुमाराला जालन्याच्या कृषी सेवा केंद्रांत नव्या हंगामाची पाकिटं लागतात, आणि रोपवाटिकावाले त्याआधीच आगाऊ मागणी नोंदवून मोकळे झालेले असतात.